डब्लिनचे पॅट्रिक, स्पेनचे ‘डॉन पात्रिसिओ’

लंडन शहराच्या वायव्येस केन्सल ग्रीन येथे सेंट मेरीज हे जुने कॅथलिक कबरस्थान आहे. एकोणिसाव्या शतकात दुष्काळ आणि दारिद्र्य यांमुळे मायभूमी सोडून आलेल्या असंख्य आयरिश कॅथलिकांनी येथे चिरविश्रांती घेतली. १९५९ मध्ये एका ७१ वर्षांच्या आयरिश वृद्धाचा देह येथे मातीच्या स्वाधीन करण्यात आला. कबरेवर ना दगड होता, ना नाव. ह्या वृद्धाने आयर्लंडच्या राष्ट्रीय संघाचे आणि मँचेस्टर युनायटेडचे नेतृत्व केले होते, सेव्हिल शहरातील बेटिस संघाला स्पेनचे विजेतेपद मिळवून दिले होते, आणि बार्सिलोना हा क्लब बंद पडण्याची वेळ आली असताना त्याला सावरण्यात मोलाचा वाटा उचलला होता. त्यांचे नाव पॅट्रिक ओकॉनेल. स्पेनचे लोक त्यांना आदराने ‘डॉन पात्रिसिओ’ म्हणत असत.

आपल्या धर्मग्रामांतील तरुणांना बार्सिलोना आणि मँचेस्टर युनायटेड ही नावे नवी नाहीत. परंतु ह्या दोन्ही क्लबांशी जोडल्या गेलेल्या ह्या आयरिश कॅथलिक माणसाची ओळख फार थोड्यांना आहे. ही ओळख करून देताना त्यांच्या यशाबरोबर त्यांच्या जीवनातील उणी बाजूही आम्ही वाचकांसमोर ठेवीत आहोत, कारण ती वगळली तर ही कथा अपुरी राहील.

गिरणीतून मैदानाकडे

पॅट्रिक ओकॉनेल यांचा जन्म १८८७ चा. डब्लिन शहराच्या उत्तरेकडील ड्रमकोंड्रा भागात कष्टकरी वस्तीत ते वाढले. त्या काळी संपूर्ण आयर्लंड ब्रिटिश सत्तेखाली होता. गरिबांच्या मुलांना शाळा लवकर सोडावी लागे आणि मिळेल ते काम पत्करावे लागे. तरुण पॅट्रिक बोलँड यांच्या पिठाच्या गिरणीत कामाला लागले. गिरणीतले काम आटोपले की उरलेला वेळ फुटबॉलचा. उंच, धिप्पाड आणि शांत डोक्याचा हा खेळाडू डब्लिनच्या लहान क्लबांमध्ये लवकरच नावारूपास आला.

तरुणपणीच एलन ट्रेस्टन ह्या युवतीशी त्यांचा विवाह झाला. १९०८ मध्ये त्यांना बेलफास्ट सेल्टिक ह्या क्लबने घेतले. पश्चिम बेलफास्टमधील फॉल्स रोड ह्या कॅथलिक वस्तीचा तो लाडका संघ होता. तेथून १९०९ मध्ये ते इंग्लंडच्या शेफील्ड वेन्सडे क्लबमध्ये आणि १९१२ मध्ये हल सिटीमध्ये गेले.

ओकॉनेल मधल्या फळीत खेळत. त्या काळच्या पद्धतीनुसार गोलरक्षकापुढे दोन, मध्ये तीन आणि आघाडीवर पाच खेळाडू उभे राहत. मधल्या तिघांवर सर्वांत जास्त भार असे. प्रतिपक्षाचा हल्ला अडवायचा, चेंडू ताब्यात घ्यायचा आणि तो आघाडीच्या पाच जणांपर्यंत पोहोचवायचा, अशी तिहेरी कामगिरी त्यांना पार पाडावी लागे. संपूर्ण सामना डोळ्यांपुढे ठेवून खेळण्याची सवय येथेच लागते. पुढे प्रशिक्षक म्हणून ओकॉनेल यांच्या उपयोगी पडली ती हीच सवय.

१९१४ साल त्यांच्या खेळाडू जीवनातील सर्वोच्च टप्पा ठरले. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड ह्या चार संघांत दरवर्षी अजिंक्यपदाची स्पर्धा होत असे. तोवर आयर्लंडला हे पद एकट्याने कधीच जिंकता आले नव्हते. त्या वर्षी ओकॉनेल यांच्या संघाने वेल्सला २-१ असे हरविले. फेब्रुवारीत मिडल्सब्रो येथे इंग्लंडला त्यांच्याच भूमीवर ३-० असे नमविले. मार्च महिन्यात बेलफास्टला स्कॉटलंडविरुद्धच्या सामन्यात ओकॉनेल यांच्या हाताचे हाड मोडले. तेव्हा बदली खेळाडू घेण्याची सोय नव्हती. मोडलेला हात घेऊन ते मैदानात उभे राहिले. सामना १-१ असा बरोबरीत सुटला आणि अजिंक्यपद आयर्लंडचे झाले. पुढे देशाची फाळणी झाली आणि फुटबॉल संघटनाही दुभंगली, त्यामुळे अखंड आयर्लंडचा हा विजय तेथील लोकांना विशेष प्रिय आहे.

गुड फ्रायडेचा तो सामना

त्याच वर्षी मँचेस्टर युनायटेडने १,००० पौंड मोजून ओकॉनेल यांना आपल्याकडे आणले आणि संघाचे नेतृत्व त्यांच्याकडे सोपविले. ह्या क्लबचे नेतृत्व करणारे ते पहिले आयरिश खेळाडू मानले जातात. परंतु १९१४ च्या ऑगस्टमध्ये पहिले महायुद्ध पेटले. चालू हंगाम संपताच लीग स्थगित होणार हे उघड दिसत होते. घरी बायकामुले असलेल्या व्यावसायिक खेळाडूंपुढे उद्याच्या भाकरीचा प्रश्न उभा राहिला.

अशा परिस्थितीत २ एप्रिल १९१५ रोजी, गुड फ्रायडेच्या दिवशी, मँचेस्टर युनायटेड आणि लिव्हरपूल यांचा सामना झाला. युनायटेड २-० असे जिंकले. सामन्यात युनायटेडला पेनल्टी किक मिळाली. ती ओकॉनेल यांनी घेतली आणि चेंडू गोलपासून बराच दूर गेला. सामना नेमका २-० असाच सुटणार ह्यावर अनेकांनी पैजा लावल्याचे नंतर उघडकीस आले. चौकशी होऊन त्या वर्षाच्या अखेरीस युनायटेडच्या तीन आणि लिव्हरपूलच्या चार खेळाडूंवर आजन्म बंदी घालण्यात आली. ओकॉनेल ह्यांच्यावर दोष सिद्ध झाला नाही, परंतु त्या पेनल्टीविषयीचा संशय त्यांच्या नावाला कायमचा चिकटला. बंदी घातलेल्या खेळाडूंपैकी सँडी टर्नबुल १९१७ मध्ये फ्रान्सच्या रणभूमीवर धारातीर्थी पडले.

त्या एका गुणांकनाचे परिणामही दूरगामी ठरले. युनायटेड अवघ्या एका गुणाने खालच्या विभागात जाण्यापासून बचावले. ओकॉनेल यांचे मँचेस्टरमधील खेळाडू जीवन मात्र तेथेच संपल्यात जमा झाले. युद्धकाळात निरनिराळ्या क्लबांसाठी पाहुणे म्हणून ते खेळले. युद्धानंतर १९१९ मध्ये स्कॉटलंडच्या डंबार्टन क्लबमध्ये आणि १९२० मध्ये इंग्लंडच्या उत्तर टोकाकडील कोळसा खाणींच्या ॲशिंग्टन गावी ते गेले. तेथेच त्यांनी प्रशिक्षकाच्या कामास प्रारंभ केला.

स्पेनच्या वाटेवर

१९२२ मध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, ओकॉनेल स्पेनला निघाले. उत्तर किनाऱ्यावरील सांतांदेर शहरातील रेसिंग ह्या क्लबला प्रशिक्षक हवा होता. त्या काळी स्पेनमध्ये फुटबॉल झपाट्याने लोकप्रिय होत होता आणि ब्रिटिश बेटांवरून आलेल्या प्रशिक्षकांना तेथे मोठा मान होता.

मँचेस्टरमध्ये मागे राहिल्या पत्नी एलन आणि चार मुले. ओकॉनेल अधूनमधून पैसे पाठवीत. पाकिटांत नोटा येत, परंतु पैसे पाठविणारा काही परत आला नाही. ही गोष्ट आपण येथे लक्षात ठेवू आणि पुढे तिच्याकडे परत वळू.

सांतांदेरमध्ये ओकॉनेल सात वर्षे राहिले. त्यांच्या हाताखाली रेसिंगने आपल्या प्रांताची अनेक विजेतेपदे पटकावली. १९२९ मध्ये स्पेनची राष्ट्रीय लीग सुरू झाली तेव्हा पहिल्या विभागात दहाच संघ घ्यायचे ठरले. नऊ जागा जुन्या चषक विजेत्यांना आणि उपविजेत्यांना मिळाल्या. उरलेल्या एकमेव जागेसाठी इतर क्लबांत स्पर्धा झाली आणि सेव्हिला संघाला मागे टाकून रेसिंगने ती जागा मिळविली. स्पेनच्या लीगचे जे संस्थापक दहा संघ आहेत, त्यांत रेसिंगचे नाव आहे ते असे. त्यानंतर दोन वर्षे त्यांनी ओव्हिएदो संघाला शिकविले आणि १९३१ मध्ये ते दक्षिणेकडे, सेव्हिल शहरात बेटिस क्लबकडे गेले.

बेटिसचे विजेतेपद

बेटिसचा पोशाख हिरवा-पांढरा. आयरिश माणसाला हे रंग परके वाटण्याचे कारण नव्हते! क्लब मात्र श्रीमंत नव्हता आणि दुसऱ्या विभागात खेळत होता. १९३२ मध्ये बेटिस वरच्या विभागात पोहोचला. हा मान मिळविणारा आंदालुसिया प्रांतातील तो पहिला संघ होय.

ओकॉनेल यांनी नामांकित खेळाडूंच्या मागे न लागता संघाची बांधणी बचावापासून केली. गोलरक्षक उर्कियागा आणि त्यांच्यापुढे आरेसो व आएदो ही जोडी, असा भक्कम पाया त्यांनी घातला. आघाडीवर उनामुनो गोल करीत. १९३४-३५ च्या हंगामात बेटिसने २२ सामन्यांत केवळ १९ गोल स्वीकारले.

हंगामाच्या शेवटच्या दिवशी, २८ एप्रिल १९३५ रोजी, बेटिस माद्रिदपेक्षा एका गुणाने पुढे होता. शेवटचा सामना जिंकणे आवश्यक होते, आणि तो होता सांतांदेरला, रेसिंगविरुद्ध. ज्या क्लबला ओकॉनेल यांनी सात वर्षे घडविले, त्याच क्लबच्या मैदानात त्यांना आपल्या नव्या संघाचे भवितव्य ठरवायचे होते. बेटिसने सामना ५-० असा जिंकला आणि स्पेनचे विजेतेपद मिळविले. ह्या क्लबने आजवर जिंकलेले लीगचे ते एकमेव विजेतेपद आहे. सेव्हिलच्या हिरव्या-पांढऱ्या कुटुंबांत डॉन पात्रिसिओ हे नाव नव्वद वर्षांनंतरही आदराने घेतले जाते ते ह्यामुळेच.

पेटलेल्या शहराकडे परतीचा प्रवास

विजेतेपदानंतर लगेच, १९३५ मध्ये, बार्सिलोना क्लबने ओकॉनेल यांना बोलावून घेतले. पहिल्याच हंगामात संघ कातालोनियाचा विजेता झाला आणि स्पॅनिश चषकाच्या अंतिम सामन्यात पोहोचला. २१ जून १९३६ रोजी व्हॅलेन्सिया येथे झालेल्या त्या सामन्यात माद्रिदने २-१ असा विजय मिळविला. सामना संपता संपता एस्कोला यांनी मारलेला चेंडू माद्रिदचे गोलरक्षक झामोरा यांनी अडविला आणि बरोबरीची संधी हुकली.

त्यानंतर महिना पुरा होण्याच्या आत स्पेनमध्ये यादवी युद्ध भडकले. एका बाजूस प्रजासत्ताकाचे सरकार, दुसऱ्या बाजूस जनरल फ्रँको यांचे बंडखोर सैन्य. आपणा कॅथलिकांसाठी ही आठवण दुःखद आहे. सरकारच्या बाजूच्या प्रदेशात, विशेषतः युद्धाच्या पहिल्या महिन्यांत, सुमारे ६,८०० धर्मगुरू आणि व्रतस्थ यांची हत्या झाली. बार्सिलोनात चर्चेस जाळण्यात आली, आणि साग्रादा फामिलिया मंदिरातील गौदी यांच्या कार्यशाळेची नासधूस झाली. दुसऱ्या बाजूनेही सूड घेण्यात कसर ठेवली नाही. बार्सिलोना क्लबचे अध्यक्ष जोसेप सुन्योल हे प्रजासत्ताकवादी लोकप्रतिनिधी होते. ६ ऑगस्ट १९३६ रोजी माद्रिदजवळील ग्वादारामा डोंगरात ते फ्रँकोच्या सैनिकांच्या हाती सापडले आणि गोळ्या घालून त्यांना ठार करण्यात आले.

युद्ध भडकले तेव्हा ओकॉनेल सुट्टीवर आयर्लंडमध्ये होते. ते परत न जाते तर कोणी त्यांना बोल लावला नसता. ते परदेशी होते, वयाची पन्नाशी जवळ आली होती, आणि क्लबकडे पगार द्यायला पुरेसा पैसाही राहिला नव्हता. तरीही ते बार्सिलोनाला परत गेले. क्लबचा कारभार आता कर्मचाऱ्यांच्या समितीने हाती घेतला होता. राष्ट्रीय लीग बंद होती. कातालोनिया आणि व्हॅलेन्सिया भागांतील संघांनी मिळून १९३७ मध्ये भूमध्य लीग नावाची स्पर्धा भरविली आणि ओकॉनेल यांच्या संघाने ती जिंकली. परंतु प्रेक्षक कमी झाले होते आणि तिजोरी रिकामी होत चालली होती.

अशा वेळी मेक्सिकोतील व्यापारी मानुएल मास सेर्रानो यांनी क्लबला दौऱ्याचे निमंत्रण दिले. मोबदला होता १५,००० अमेरिकन डॉलर. १९३७ च्या उन्हाळ्यात ओकॉनेल आणि क्लबचे सचिव रोसेंद काल्वेट खेळाडूंना घेऊन जहाजाने निघाले. मेक्सिकोमध्ये त्यांचे उत्साहात स्वागत झाले. अनेक सामने खेळून संघ पुढे न्यूयॉर्कला गेला आणि तेथेही खेळला.

दौरा संपल्यावर प्रत्येक खेळाडूपुढे एकच प्रश्न होता, परतायचे की नाही? ओकॉनेल यांनी कोणावरही सक्ती केली नाही. अर्ध्याहून अधिक खेळाडू मेक्सिकोत किंवा फ्रान्समध्ये राहिले. त्यांतील मार्ती व्हेंतोल्रा यांनी मेक्सिकोतच संसार थाटला आणि त्यांचा मुलगा १९७० च्या विश्वचषकात मेक्सिकोकडून खेळला. ओकॉनेल मात्र उरलेल्या मोजक्या जणांसह बार्सिलोनाला परतले. मिळविलेला पैसा पॅरिसच्या बँकेत सुरक्षित ठेवण्यात आला होता. युद्धाच्या गदारोळात तो नाहीसा झाला नाही आणि युद्धानंतर क्लबची देणी फेडण्यास तो उपयोगी पडला. १६ मार्च १९३८ रोजी क्लबच्या कार्यालयाच्या इमारतीवर इटालियन विमानांचा बॉम्ब पडला, तरी क्लब टिकला. त्याला टिकविणारे हात अनेक होते. सचिव काल्वेट होते, बॉम्बहल्ल्यात क्लबचे चषक व चिन्हे वाचविणारे रखवालदार जोसेप कुबेल्स होते, आणि त्यांच्यात एक परदेशी प्रशिक्षकही होता.

कथेची दुसरी बाजू

१९४० पर्यंत ओकॉनेल बार्सिलोनाशी संबंधित होते. त्यानंतर ते पुन्हा बेटिसकडे, आणि १९४२ मध्ये त्याच शहरातील प्रतिस्पर्धी सेव्हिला क्लबकडे गेले. १९४३ मध्ये सेव्हिला लीगमध्ये दुसऱ्या क्रमांकावर आला. अखेरीस १९४७ ते १९४९ ही दोन वर्षे त्यांनी आपल्या जुन्या रेसिंग क्लबला दिली आणि निवृत्ती पत्करली.

आता मँचेस्टरकडे वळू या. एलन आणि चार मुलांनी ह्या सर्व काळात वडिलांशिवाय दिवस काढले. पाकिटे येणे कमी होत गेले. मुलांना वडील कोठे आहेत हे नीट ठाऊक नव्हते. इकडे स्पेनमध्ये ओकॉनेल यांनी दुसऱ्या एका आयरिश स्त्रीशी विवाह केला होता. योगायोगाने तिचेही नाव एलन होते. पहिला विवाह कायम असताना केलेला हा विवाह देवाच्या आणि माणसांच्याही कायद्याला धरून नव्हता.

पुढे त्यांचा एक मुलगा वडिलांचा शोध घेत सेव्हिलला पोहोचला. बापलेकांची भेट झाली. परंतु लोकांसमोर त्याची ओळख वडिलांनी पुतण्या म्हणून करून दिली. जो माणूस मोडलेल्या हातानिशी आपल्या देशासाठी उभा राहिला, जो बॉम्बच्या छायेत आपल्या खेळाडूंसाठी परतला, त्याला स्वतःच्या मुलाला मुलगा म्हणण्याचे धैर्य झाले नाही. ह्या प्रसंगावर अधिक भाष्य करण्याची आम्हांला आवश्यकता वाटत नाही.

उतारवयात ओकॉनेल स्पेन सोडून लंडनला आले. हाती पैसा उरला नव्हता. भावाच्या आश्रयाने, सरकारी मदतीवर ते दिवस काढीत होते. २७ फेब्रुवारी १९५९ रोजी न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. ज्या क्लबांना त्यांनी मोठे केले होते, त्यांना ह्याचा पत्ताही नव्हता.

कबरेवरचे नाव

त्यांचे नाव पुन्हा उजेडात आणण्यात मोठा वाटा कोणाचा, हे वाचकांना सांगितलेच पाहिजे. हे काम मनावर घेतले ते ज्या घराला ते सोडून गेले होते त्या घराने. त्यांच्या नातवाच्या पत्नीने अनेक वर्षे जुनी कागदपत्रे आणि आठवणी गोळा करून त्यांचे चरित्र लिहिले. त्यात त्यांचे यश आहे आणि त्यांनी कुटुंबाला दिलेले दुःखही आहे. २०१४ मध्ये कुटुंबीय आणि फुटबॉलप्रेमी यांनी मिळून एक स्मारक निधी स्थापन केला. त्यातून केन्सल ग्रीनच्या बेनाव कबरेवर दगड बसविण्यात आला आणि त्यावर नाव कोरले गेले. बेलफास्टच्या कॅथलिक वस्तीत त्यांचे भित्तिचित्र रंगविले गेले. बेटिस आणि बार्सिलोना ह्या क्लबांनीही आपल्या जुन्या प्रशिक्षकाची आठवण जागविली.

आपल्या समाजातही कामासाठी दूर देशी गेलेले बाप आहेत, आया आहेत. आखातात, जहाजांवर, परमुलखात राबून ते घराला पैसे धाडतात आणि बहुतेक जण निष्ठेने परत येतात. ओकॉनेल यांच्या जीवनातून त्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी एक गोष्ट अवश्य ध्यानात घ्यावी. पाठविलेला पैसा घराला लागतोच, परंतु तो पाठविणाऱ्याची जागा भरून काढू शकत नाही. सार्वजनिक जीवनात एखाद्याने कितीही मोठी सेवा केली, तरी त्याच्या घरातील रिकामी खुर्ची त्या सेवेने भरत नाही.

आणि दुसरी गोष्ट, ती त्यांच्या वंशजांकडून शिकण्यासारखी. त्यांनी आजोबांची चूक लपविली नाही, तरीही त्यांना कबरेत बेनाव राहू दिले नाही. क्षमा म्हणजे झालेले विसरून जाणे असे आपण अनेकदा मानतो. ह्या कुटुंबाने सर्व काही आठवून, सर्व काही लिहून ठेवून, मग त्या कबरेवर नाव कोरले.

पॅट्रिक ओकॉनेल यांच्या, आणि मँचेस्टरला त्यांची वाट पाहिलेल्या एलन यांच्या आत्म्यास प्रभू चिरशांती देवो.